रात्री २.१० ला विझलेली फ्लेअर

मोठ्या कंपन्या वार्षिक अहवालात आपलं कार्बन उत्सर्जन छापतात. तो आकडा छापण्याआधी बाहेरच्या कुणीतरी तपासायचा असतो, आणि ते काम मी करते. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जुलै २०२३ मध्ये ‘बीआरएसआर कोअर’ ही पर्यावरण-अहवालाची चौकट आणल्यापासून या कामाला चांगलाच जोर आला आहे.

त्या दिवशी मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गॅस प्रक्रिया प्रकल्पावर होते. कंपनी तेल आणि गॅस क्षेत्रातली मोठी. करारामुळे नाव सांगता येत नाही. तिने नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचं, वर्ष जाहीर केलं होतं आणि अहवालाच्या मसुद्यात ‘मिथेन उत्सर्जनात घट’ असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. मिथेन म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक. मी आले होते ती त्या ओळीसाठी.

विजेची बिलं, बॉयलरच्या इंधनाचे मीटर, डिझेलच्या पावत्या सगळं दुपारपर्यंत जुळत गेलं. मग फ्लेअरचा तक्ता उघडला. फ्लेअर म्हणजे उंच चिमणीच्या टोकावरची ती ज्योत, जिथे अडचणीच्या वेळी जादा गॅस जाळून टाकतात. वर्षभराच्या सगळ्या ओळींत एकच गुणक होता: गॅसपैकी ९८ टक्के जळाला. जगभर हाच आकडा धरतात, त्यामुळे त्यात चूक काढता येत नव्हती. पण अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेली मोजमापं २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत प्रत्यक्षात जेमतेम ९१ टक्के मिथेन नष्ट होत असल्याचं दिसलं. काही फ्लेअर नीट जळत नव्हत्या, काही चक्क विझलेल्या होत्या. ते वाचल्यापासून मी एक प्रश्न सगळीकडे विचारते.

‘‘फ्लेअर कधी विझते का?’’

‘‘नाही मॅडम, पायलट कायम पेटलेला असतो,’’ कंपनीच्या पर्यावरण विभागाचे साहेब म्हणाले. पायलट म्हणजे फ्लेअर पेटवणारी टोकावरची छोटी ज्योत.

मी कंट्रोल रूममध्ये नेण्याची विनंती केली. ज्योतीचं तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचा अलार्म बायपास, म्हणजे बंद, केलेला होता. थर्मोकपल बिघडलेलं, खोटे अलार्म येत राहायचे, आणि शटडाऊनशिवाय, म्हणजे प्रकल्प बंद ठेवल्याशिवाय, तिथवर चढता येत नाही. असं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती.

शिफ्टला एक पन्नाशी ओलांडलेले ऑपरेटर होते, बोलण्यावरून रायगडकडचे. त्यांना विचारलं, ‘‘काका, मग फ्लेअर विझली हे तुम्हाला कळतं कसं?’’

‘‘अहो, अंगणात अंधार पडतो ना,’’ ते म्हणाले. ‘‘एरवी रात्री पाइपांच्या सावल्या दिसतात. त्या गेल्या की समजायचं.’’ आणि त्यांनी लॉगबुक पुढे केलं. पावसाळ्यातली एक रात्र, निळ्या बॉलपेनने लिहिलेली: ‘२.१० फ्लेअर विझली. कॉम्प्रेसर ट्रिप. जोराचा पाऊस-वारा. ७.४० पेटली.’

साडेपाच तास. गॅस दाबून पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणून तासाला साधारण एक टन गॅस फ्लेअरकडे वळवलेला, आणि वर ज्योत नाही. मिथेन दिसत नाही. तो त्या पावसात तसाच वर गेला. तक्त्यात मात्र त्या रात्रीचाही ९८ टक्के गॅस जळालेला होता.

तिथेच कागदावर हिशेब मांडला. एक टन मिथेन नीट जळाला तर सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड होतो. न जळालेल्या दोन टक्के मिथेनचा परिणाम धरून साधारण सव्वातीन टनांइतका. तोच टन न जळता सुटला तर शंभर वर्षांच्या मापाने २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. वीस वर्षांच्या मापाने ८० च्याही वर. म्हणजे मसुद्यात १८ टन असलेली ती रात्र खरं तर १५४ टनांची होती.

साहेबांनी कागद पाहिला. ‘‘मॅडम, आपला एकूण आकडा लाखांत आहे. पाच टक्क्यांच्या मर्यादेपुढे हे काय!’’

एकूण आकड्यात पाच टक्क्यांपर्यंतची चूक चालते, त्यामुळे त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. पण अहवालात मिथेन घटल्याचा दावा वेगळा केला होता, म्हणून तो वेगळाच तपासायला हवा होता. तसं मी सांगितलं. सांगताना आवाज थोडा चढला, कारण या कंपनीच्या नेट झिरोत विकलेलं पेट्रोल-डिझेल जळून होणारा धूर धरलेलाच नाही. तेल कंपन्यांचा सर्वांत मोठा वाटा तोच असतो आणि माझ्या तपासणीच्या कक्षेत तो येत नाही. स्वतःच्या कुंपणाआतलं जे थोडं उरतं, ते तरी खरं असावं एवढाच माझा आग्रह होता.

काकांसोबत बसून वर्षभराची लॉगबुकं चाळली. सात रात्री निघाल्या, मिळून ३१ तास. प्रत्येक नोंद वेळेसकट, सहीसकट. हेड ऑफिसला जाणाऱ्या एक्सेलमध्ये मात्र विझल्याच्या तासांसाठी रकानाच नव्हता.

‘‘मी दर वेळी लिहितो,’’ काका म्हणाले. ‘‘विचारलं कुणी नाही इतकंच.’’

संध्याकाळी साहेबांनी स्वतःच हेड ऑफिसला फोन लावला. ३१ तास धरल्यावर मिथेनची घट उरत नव्हती, उलट थोडी वाढ दिसत होती. ती ठळक ओळ मसुद्यातून निघाली, थर्मोकपल पुढच्या शटडाऊनच्या यादीत सर्वांत वर गेलं आणि तक्त्यात नवा रकाना आला.

मी बॅग भरत होते तेवढ्यात काका कपाटासमोर उकिडवे बसले आणि खालच्या कप्प्यातून धुळीचा गठ्ठा ओढू लागले.

‘‘मॅडम, गेल्या वर्षीची पण काढू का?’’

मी बॅग पुन्हा खाली ठेवली.