कणकुंबीहून परत, टोचन लावून

बेळगाव, जांबोटी, कणकुंबी आणि परत, असा आमचा दोन गाड्यांचा फेरा. पुढे कॅम्पर, म्हणजे मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकांवरचं घर, आणि मागे छोटी मॅन्युअल गिअरची कार. परदेशात मोटरहोमच्या मागे धडधाकट कार बांधून नेतात. आपल्याकडे ते नियमात बसत नाही. नोंदणी असलेला ट्रेलर सोडला, तर ओढायची ती बिघडलेली गाडीच. म्हणून टो बार, म्हणजे बंद गाडी ओढायचा ए आकाराचा दांडा, कॅम्परच्या डिकीत होता आणि कार स्वतःच्या इंजिनावर चालत होती.

तरीही बारची उंची आम्ही निघण्याआधीच जुळवून ठेवली. गाडी बंद पडते ती रानात. तिथे सपाट जागा नसते आणि टर्नरही नसतो. बेळगावच्या उद्यमबागेत शेडसमोरची काँक्रीटची जमीन पाणसळ लावून पाहिली, चारही बाजूंनी सारखी निघाली, आणि मगच टेप काढला.

मोजायच्या आधी कॅम्पर प्रवासाला निघतो तसा भरायचा. टायरमधली हवा, डिझेल, गॅसची टाकी, सामान, सगळं. पाण्याची टाकी विसरू नका. आमची १०० लिटरची, म्हणजे १०० किलोची, आणि ती मागच्या चाकांच्याही मागे आहे. गाडी रिकामी असताना मागच्या चौकोनी रिसीव्हरचा, म्हणजे बार अडकवायच्या खोबणीचा, मध्य जमिनीपासून ६५ सेंमीवर होता, भरल्यावर तो ६२ वर आला. कारच्या चेसिसला लावलेल्या दोन ब्रॅकेटच्या पिनांचा मध्य ४४ वर. फरक १८ सेंमी, सुमारे ७ इंच.

बहुतेक बनावटीच्या टो बारना साधारण ३ इंच, म्हणजे साडेसात सेंमीपर्यंतचा फरक चालतो. तुमच्या बारच्या पुस्तिकेत याहून कमी दिला असेल, तर तोच धरा. आडवा बार सगळ्यात उत्तम. तिरका असला की ब्रेक लावताना मागची कार कॅम्परला नुसतं पुढे ढकलत नाही, वरही उचलते. आमच्या बारची लांबी १२० सेंमी. १८ सेंमीच्या तिरकेपणावर ३०० किलोच्या धक्क्यातले ४५ किलो कॅम्परची शेपूट उचलायला जातात आणि तेवढंच वजन कारचं नाक दाबतं. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकड नेमकी तेव्हाच सुटते. उलट, कारचं टोक वर आणि कॅम्परचं खाली असेल, तर कारची पुढची चाकं हलकी होतात. तेही वाईटच.

उपाय म्हणजे ड्रॉप अ‍ॅडॅप्टर. रिसीव्हरमध्ये बसणारा, पुढे पायरीसारखा खाली उतरलेला तुकडा. आम्ही ६ इंची घेतला. ६२ मधून १५ वजा केले की ४७ उरतात, फरक ३ सेंमी. त्याच धक्क्यात आता उचल साडेसात किलोचीच. टाकी रिकामी झाली तरी फरक ६ च्या आत राहतो. अ‍ॅडॅप्टरवर ओढण्याची क्षमता छापलेली असावी. गल्लीतल्या वेल्डिंगवर तो करून घेऊ नका, कारण कोपऱ्यावरच सगळा वाकवणारा जोर येतो. आणि उंची जमत नाही म्हणून एकात एक असे दोन कधीच घालू नका.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक हिशेब करावा लागतो, तो गतिरोधकाचा. आमच्या कॅम्परचा व्हीलबेस ४ मीटर, आणि मागच्या चाकांपासून हुकापर्यंत, म्हणजे बार जोडतो त्या जागेपर्यंत, १.८ मीटर. मागची चाकं १० सेंमीच्या उंचवट्यावर चढली की शेपूट साडेचौदा सेंमी वर जाते, कार मात्र अजून खालीच असते. मुळातच १८ चा तिरकेपणा असता, तर त्या क्षणी तो साडेबत्तीस झाला असता. ब्रॅकेटच्या पिना वाकतात त्या अशा जागी.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम. नदी पूर्वेला जाते, आणि त्या बाजूचा बेळगावचा रस्ता चढउतारांचा असला तरी पठारावरचा आहे. पश्चिमेला चोर्ला घाट गोव्यात उतरतो. कारचा क्लच कणकुंबीलाच गेला, म्हणून टोचन लावून परत फिरता आलं. घाट खाली उतरायचा असता तर क्रेनच बोलावावी लागली असती. टोचनवर घाट उतरू नये.

बार दहा मिनिटांत लागला. रिसीव्हरची १६ मिमीची पिन आणि तिची क्लिप, मग दोन्ही ब्रॅकेट, मग बारच्या खालून फुलीसारख्या घातलेल्या साखळ्या. साखळी वळणावर ताणली जाऊ नये आणि रस्त्याला घासूही नये. अ‍ॅडॅप्टरने हुक मागे सरकतो, त्यामुळे साखळीही तेवढी लांब लागते. हे आधीच जोडून बघावं. कारमध्ये परवानाधारक माणूस, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, स्टिअरिंगचं कुलूप सुटावं म्हणून चावी फिरवलेली, मागे 'ऑन टो'ची पाटी. इंजिन बंद असल्याने दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड जातं, हे मागच्याला आधी सांगून ठेवावं. ऑटोमॅटिक कार अशी ओढू नये. इंजिन बंद म्हणजे तिच्या गिअरबॉक्सचा तेलाचा पंपही बंद, आणि आतले भाग कोरडे घासतात.

वेग ताशी २० ते २२ किमी. रिव्हर्स अजिबात नाही. ए आकाराचा बार मागे ढकलला की कारची चाकं आडवी होतात. म्हणून जांबोटीला चहासाठी थांबलो तेव्हा जागा अशी निवडली, की पुढूनच बाहेर पडता येईल. तिथेच पिना हाताने हलवून पाहिल्या आणि टेप पुन्हा लावला. पाणी अर्धं संपलं होतं, हुक ४८ च्या थोडा वर. फरक साडेचारचा, पुढे निघालो.