विटलेले रंग आणि कॅमेरा

रविवार, रात्री

पावसाळा सुरू होण्यापूर्वी कीटकशास्त्र विभागातील कीटकपेट्या उघडून डांबरगोळ्या बदलण्याचे काम आज पुरे झाले. चतुरांच्या पेटीपाशी दरवर्षीप्रमाणे थोडे थांबावेच लागले. पंखांतील शिरांचे जाळे, पायांवरचे काटे, सारे शाबूत आहे. परंतु ज्या लालबुंद रंगामुळे तळ्याकाठचा चतुर लांबूनही नजरेत भरतो, त्याच्या जागी मळकट तपकिरी छटा उरली आहे. क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची हिरवी काया अशीच पिवळट पडते, आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या अळ्या पांढुरक्या होऊन एकमेकींसारख्या दिसू लागतात. धातूसारखी झळाळी असलेले भुंगेरे मात्र वर्षानुवर्षे तसेच चमकतात, कारण ती झळाळी रंगद्रव्याची नसून कवचाच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची असते.

मी कॅमेरा हाती घेतला तो या विटणाऱ्या रंगांमुळे. छायाचित्रणाची हौस मला मुळात नव्हती. नमुना बाटलीत जाण्यापूर्वी त्याचा खरा रंग कुठेतरी नोंदला जावा, एवढाच हेतू होता. पुढे २०१८ मध्ये मक्यावरची नवी लष्करी अळी प्रथम कर्नाटकात आढळली आणि पाहता पाहता आपल्याकडच्या शेतांतही पोहोचली, तेव्हा या नोंदीचे मोल वाढले. डोक्यावरची उलट्या वाय अक्षरासारखी खूण आणि शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख शेतकऱ्याला शब्दांत सांगून पटत नाही. मक्याच्या पोंग्यातून, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानांतून, काढलेल्या जिवंत अळीचे स्वच्छ छायाचित्र दाखवले की तो स्वतःच शेतात जाऊन ठिपके पाहतो.

स्वच्छ छायाचित्र मिळवणे मात्र सोपे नाही. कीटकाची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढी उमटवायची झाल्यास, भिंगाचे छिद्र एफ/११ पर्यंत लहान करूनही फार तर दीडएक मिलिमीटर खोलीचा भाग सुस्पष्ट येतो. डोळे नेमके टिपले तर पोट धूसर होते. छिद्र आणखी लहान करावे तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मवाळ पडते, शिवाय प्रकाशही अपुरा होतो. म्हणून फ्लॅश आला, आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर फ्लॅशचा पांढरा डाग पडू नये यासाठी पुढे ट्रेसिंग पेपरचा पडदाही. वाऱ्यावर मात्र कोणताही उपाय नाही. त्यामुळे मी पहाटे निघते; गारव्यात कीटकांच्या हालचाली मंद असतात, दव पडलेले असते आणि वाराही बहुधा निजलेला असतो.

काही जण कीटकाला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग पानावर बसवून टिपतात. मला ते पसंत नाही. चित्र देखणे येते, परंतु त्या पानाशी त्या किड्याचा काही संबंध नसतो, आणि माझ्या दृष्टीने तो संबंध हाच खरा विषय आहे. क्रायसोपाची अळी विळ्यासारख्या जबड्यांत मावा नावाची बारीक कीड धरून तिचा रस शोषते, किंवा मादी बारीक देठाच्या टोकावर एकेक अंडे ठेवते, हे टाचणीवरच्या नमुन्यात कधीच दिसणार नव्हते. विद्यार्थिदशेत ही वाक्ये मी पाठ केली होती. कपाशीच्या पानामागे प्रत्यक्ष पाहून ती टिपताना आपण हे इतकी वर्षे कसे काय पाहिले नाही, असे वाटले. खरे तर पाहायला वेळच नसे, कारण किडा दिसताच हात जाळीकडे जाई.

तरीही जाळी मी सोडलेली नाही. अनेक पतंगांच्या आणि माश्यांच्या जाती वरून अगदी सारख्या असतात आणि नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तेथे कितीही सुंदर छायाचित्र असले तरी कुळ किंवा फार तर प्रजाती (जातीच्या वरची पायरी) सांगून थांबावे लागते, आणि तसे थांबायला छायाचित्रकार सहसा राजी नसतात. मी आता एकाच किड्याचे दोन्ही करते: आधी शेतातले चित्र, मग नमुना, आणि दोहोंना एकच क्रमांक. टाचणीखालच्या चिठ्ठीवर असतात तेच तपशील, म्हणजे गाव, तारीख, पीक आणि गोळा करणाऱ्याचे नाव, चित्राच्या नोंदीतही लिहिते. गेल्या हंगामातल्या बऱ्याच चित्रांना अजून क्रमांक द्यायचे आहेत. पेरण्या सुरू होण्याआधी ते उरकायला हवे.