वाचननोंद : काळी एक ते काळी चार

पान 1 ते 94

मंडळी, नाटक कंपन्यांवरची यंदाची ही माझी चौथी कादंबरी. हाती आली आहे ती छपाईआधीची प्रत, म्हणून नाव आणि शेवट दोन्ही राखून ठेवतो. काळ 1929 ते 1934. गावोगाव मुक्काम करणारी संगीत नाटक मंडळी, तिचा ऑर्गनवादक आणि नव्याने आलेली गायिका नटी. तो तिला ‘बाई’ म्हणतो, ती त्याला ‘मास्तर’. अजून तरी याच्या पुढे गेलेले नाहीत.

पहिली चाळीस पानं जड जातात. जो तो इतिहास सांगत सुटतो, पडदे ओढणारा गडीसुद्धा. पण पान 61 वर तालीम सुरू होते आणि मी उठून बसलो.

पान 95 ते 170

इथे लेखिकेने खरी अडचण पकडली आहे. कंपनीची सगळी पदं स्त्रीपार्टी नटाच्या, म्हणजे बाईची भूमिका करणाऱ्या पुरुषाच्या, गळ्याला बसवलेली, काळी एकमध्ये: सप्तकातली पहिली काळी पट्टी हा ‘सा’. बाईंचा गळा काळी चारचा, म्हणजे चौथी काळी हा ‘सा’. ऑर्गनच्या पट्ट्या काही सरकत नाहीत, सरकायचं ते मास्तरांच्या बोटांनी. वीस वर्षांची सवय मोडून तो रात्री रंगपटाशेजारी एकटा बसतो आणि पदामागून पद नव्या पट्टीत घोटतो. कुणी सांगितलेलं नसतं. द्वंद्वगीताची पंचाईत तर आणखी मोठी: नायक एका पट्टीचा, नायिका दुसऱ्या, मग नमतं कोणी घ्यायचं? प्रेमाचा एक शब्द न उच्चारता तीस पानं प्रेमाचीच आहेत.

दोन चुका टिपून कळवल्या आहेत. 1929 च्या प्रयोगात प्रेक्षक बोलपटांबद्दल कुरकुरतात. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ मार्च 1931 चा, आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. दुसरी म्हणजे नायिकेला ‘रंगभूमीवरची पहिली बाई’ म्हटलं आहे. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या त्याआधीही होत्या. स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करणं हा त्या वर्षांतला खळबळीचा भाग, आणि गायिका हिराबाई बडोदेकरांनी तो धीर दाखवला होता. हे नीट लिहिलं तर नायिकेचं धाडस उलट जास्त कळेल.

पान 171 ते 203

एकाच प्रसंगाविषयी लिहितो. भूप रागातलं पद, तिसरी तालीम. मास्तरांचं बोट धैवतावर घसरतं. बाई पुढे जात नाहीत, पंचमावर थांबून राहतात, मास्तरांना स्वर सापडेपर्यंत. तालीममास्तर ओरडतो, तरी थांबतात.

धैवतच का, हे कळेना. शेवटी माझी पेटी काढली. भूपात पाचच स्वर: षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत (सा, रे, ग, प, ध). काळी एकचा भूप म्हणजे चार काळ्या आणि गंधाराची एकच पांढरी. काळी चारला षड्ज, रिषभ, पंचम काळेच राहतात, गंधारही पांढराच राहतो. बदलतो तो फक्त धैवत, काळ्याचा पांढरा होतो. जुन्या सवयीचं बोट तिथेच फसणार! लेखिकेने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, नुसतं लिहून ठेवलं आहे.

सत्तर पानं उरली आहेत. कंपनी कर्जात, बाईंना बोलपटाचं बोलावणं आलेलं. मास्तरांनी अजून काळी एकला हात लावलेला नाही.