बीमच्या टोकाचा आकडा लिहायचा राहून गेला होता

स्टीलच्या बिल्डिंगमध्ये बीम-कॉलम आम्ही डिझाइन करतो, पण त्यांचे जोड म्हणजे कनेक्शन बऱ्याच कामांत फॅब्रिकेटरच्या, म्हणजे स्टीलचे भाग तयार करणाऱ्या कंपनीच्या, इंजिनिअरकडे सोपवलेले असतात. मला यात काही गैर वाटत नाही, त्यांच्या वर्कशॉपमध्ये काय सोपं पडतं, साइटवर बोल्ट आवळायला पाना कुठे फिरतो हे त्यांनाच जास्त कळतं.

तर त्या दिवशी शॉप ड्रॉइंगची, म्हणजे हे भाग बनवण्यासाठी फॅब्रिकेटरने काढलेल्या ड्रॉइंगची, ४० शीट तपासायला आली होती, सकाळपर्यंत परत द्यायची होती, त्यामुळे मी सेक्शन, ग्रिड, मापं बघत भराभर पुढे चालले होते आणि एका बीमपाशी थांबले. तो बीम मला पाठ होता. ८ मीटरचा, खाली पार्किंगला जागा हवी म्हणून वरचा कॉलम त्याच्यावरच उतरवलेला, तोही एका टोकापासून फक्त दीड मीटरवर. आणि ड्रॉइंगवर दोन्ही टोकांना अगदी सारखेच सहा-सहा बोल्ट.

कागदावर हिशोब मांडला. कॉलमचे ६०० किलोन्यूटन, त्यातले ४८७ जवळच्या टोकाला, स्लॅबचे ८०, म्हणजे ५६७, ही त्या टोकाची रिअॅक्शन, तिथल्या जोडावर येणारा भार. त्यांच्या कॅल्क्युलेशनमध्ये होते ४५०.

लगेच फोन लावला. समोरचा इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "मॅडम, कॉलम दिसत होता, पण त्याचा लोड किती ते आम्हाला कुठून कळणार? रिअॅक्शन दिलेली नव्हती म्हणून तुमच्या जनरल नोटप्रमाणे धरली." नोट काढून बघितली. आकडा दिला नसेल तर बीम जेवढा सारखा पसरलेला लोड पेलू शकतो त्याच्या निम्मा धरावा. साध्या बीमला हे चालतं, पण लोड टोकाजवळ एकवटला की नाही चालत. नोट आमची, आकडा लिहायचा राहिला तोही आमच्याकडून, त्याने सांगितलं तसंच केलं होतं.

मला अमेरिकेतलं कॅन्सस सिटी आठवलं. १९८१ मध्ये तिथल्या एका हॉटेलातले एकाखाली एक लटकते दोन पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये ते टांगायला वरपासून खालपर्यंत एकच सळई होती, फॅब्रिकेटरच्या सोयीसाठी तिच्या दोन केल्या, आणि त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर दोन्ही पुलांचा भार आला, दुप्पट. त्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरची मंजुरी होती. मूळ जोडसुद्धा बिल्डिंग कोडला लागतो तेवढा भार घेणारा नव्हताच, म्हणजे तो जोड मन लावून कोणी तपासलाच नव्हता, दोन टेबलांच्या मधे राहून गेला. इथेही तेच होणार होतं, आणि खालून रोज माणसं जाणार होती.

त्याच रात्री प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांना रिअॅक्शन लिहून ड्रॉइंग रिवाइज केलं, त्या टोकाला त्यांनी आठ बोल्ट दिले, प्लेटही लांब केली. आणि मी आधी बघून बाजूला ठेवलेली सगळी शीट पहिल्यापासून परत काढली. तसेच अजून दोन बीम निघाले.