'मॅडम, फ्लिकर आहे': वाहिनीच्या क्यूसीतून माहितीपट पास करून घेताना

माहितीपट तयार आहे, वाहिनीनं दाखवायचं कबूल केलंय, आता काय, फाइल पाठवली की झालं. असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

सावंतवाडीच्या गंजिफावर, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, आम्ही २२ मिनिटांचा माहितीपट केला. शूटिंग, रशेस (कच्चं चित्रीकरण पाहणं), रफ कट (पहिली ढोबळ जुळणी), पिक्चर लॉक हे सगळं रीतसर पार पडलं, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पिक्चर लॉक म्हणजे यापुढे एकही कट हलवायचा नाही, हे ठरवून टाकणं. ते होईपर्यंत साउंडवाल्यांना आणि ग्रेडिंगवाल्यांना, म्हणजे चित्राचे रंग जुळवणाऱ्यांना, बोलवू नका, नाहीतर त्यांचं काम दोनदा होतं आणि बिलही दोनदा येतं.

फाइल वाहिनीकडे गेली की आधी क्यूसीला जाते, म्हणजे तांत्रिक तपासणीला. आमची पहिली फाइल लगेच परत आली: 'एमपी४ चालणार नाही.' इथे कोडेक आणि कंटेनर यांतला फरक कळलेला बरा. कोडेक म्हणजे भाजी कशी केलीय ते, कंटेनर म्हणजे ती कुठल्या डब्यात भरलीय ते. एमपी४, एमओव्ही, एमएक्सएफ हे डबे. एच.२६४, प्रोरेस, एमपीईजी-२ या आतल्या भाज्या. वाहिनीला एमएक्सएफच्या डब्यात ५० मेगाबिटची एमपीईजी-२ हवी होती. दिली.

मग अडलं ते '५०' या आकड्यावर. वाहिनीच्या तक्त्यात नुसतं '१०८०, ५०' असं लिहिलेलं. पन्नास काय? फोन केला, तर उत्तर आलं, 'फिफ्टी म्हणजे फिफ्टी, मॅडम.' आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं. प्रत्येक फ्रेमची दोन फील्ड होतात. एकात १, ३, ५ अशा विषम ओळी, दुसऱ्यात सम. म्हणजे सेकंदाला ५० फील्ड. याला इंटरलेस्ड म्हणतात आणि आकड्यापुढे 'आय' लावतात. सेकंदाला ५० अख्ख्या फ्रेम हे प्रकरणच वेगळं, त्यापुढे 'पी' असतो. एका अक्षरासाठी आम्ही दोन्ही प्रकारच्या फाइली बनवून ठेवल्या. त्यांना 'आय' हवं होतं, आणि त्यात अप्पर फील्ड फर्स्ट, म्हणजे वरच्या ओळीचं फील्ड आधी. आमचं शूटिंग २५ फ्रेमवरच होतं, त्यामुळे एक्स्पोर्टच्या खिडकीत एक पर्याय बदलण्यावर भागलं.

आणि मग ती ओळ आली. रिपोर्टमध्ये एवढंच: '१०:०७:४२:११ – फ्लिकर. रिजेक्टेड.' फ्लिकर म्हणजे चित्र लुकलुकणं.

टाइमकोड वाचता येतो का ते आधी बघा. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा तो क्रम, आणि शेवटचा आकडा आपल्याकडे ०० ते २४ एवढाच जातो. सुरुवातीचा १० पाहून घाबरू नका. पुष्कळ वाहिन्यांना कार्यक्रमाची पहिली फ्रेम १०:००:००:०० वर लागते. तर आमचा दोष होता सात मिनिटं ४२ सेकंदांवर, ११ क्रमांकाच्या फ्रेमवर. तिथे गेलो. दशावतारी गंजिफाच्या १२० पत्त्यांपैकी मत्स्याचा राजा पडद्यावर ठेवलेला, कॅमेरा स्थिर, चित्र स्वच्छ. फ्लिकर कुठे आहे? पुन्हा पाहिलं. फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिलं. ॲनिमेटरला दाखवलं, ग्रेडिंगवाल्याला दाखवलं. काही नाही.

फोन केला. 'मॅडम, रिपोर्टमध्ये टाइमकोडसकट दिलंय.' म्हटलं, अहो, टाइमकोड कळला, पण चित्रात नेमकं कुठे? 'फ्लिकर आहे, मॅडम.' आम्ही तो शॉट जरा अंधारा करून फाइल पाठवली. परत. पत्ता थोडा लहान करून पाठवली. तर आता त्या शॉटच्या जोडीला शेवटची श्रेयनामावलीसुद्धा फ्लिकर होतेय म्हणून परत! प्रत्येक वेळी फाइल रांगेत शेवटी, आणि रांग पुढे सरकली का हे सांगायला कोणी नाही. दरम्यान प्रसारणाची तारीख हलली, आणि ज्या मामांनी पत्ते रंगवून दाखवले होते त्यांचा 'ताई, कधी लागणार?' असा फोन दर रविवारी.

शेवटी अंधेरीत एका जुन्या एडिटरकडे गेले. टेपवर काम केलेला माणूस, नमस्कारापलीकडे बोलणं कमी. त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातला पिक्चर ट्यूबचा जड मॉनिटर चालू केला आणि फाइल त्यावर लावली. म्हणाले, 'लॅपटॉपवर काय बघताय? हा बघा.'

आणि दिसलं. गंजिफाचा पत्ता गोल असतो, कडेनं केसासारखी बारीक सोनेरी रेघ. ती रेघ वर आणि खाली थरथरत होती. डावी-उजवीकडची कड मात्र शांत. फ्लिकर आडव्या रेघेला होतो, उभ्या रेघेला नाही. पत्त्याच्या माथ्यावर आणि तळाशी ती रेघ जवळजवळ आडवी होते आणि जाडी एका पिक्सेलची. एका पिक्सेलची आडवी रेघ एकाच फील्डमध्ये पडते. त्या फील्डमध्ये ती दिसते, पुढच्यात गायब, पुन्हा दिसते. ५० वेळा उजळण्याऐवजी २५ वेळा, आणि डोळ्याला ते टोचतं. लॅपटॉपचा पडदा सगळ्या ओळी एकदम दाखवतो, त्यामुळे तिथे जन्मात कळलं नसतं. श्रेयनामावलीचंही तेच. आम्ही हौसेनं बारीक फाँट घेतला होता.

उपाय इतका किरकोळ की संताप यावा. त्या शॉटला उभ्या दिशेनं एका पिक्सेलचा ब्लर (पुसटपणा), म्हणजे रेघ शेजारच्या ओळीवरही थोडी सांडते आणि दोन्ही फील्डमध्ये हजर राहते. काही सॉफ्टवेअरांत हे अँटी-फ्लिकर नावानं तयार मिळतं. नामावलीचा फाँट जाड केला. फाइल पास. 'बारीक आडवी रेघ, उभा ब्लर द्या' हे सहा शब्द रिपोर्टमध्ये लिहायला काय जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. तपासणाऱ्याला दोष नेमका दिसत होता. सांगायचा तेवढा नव्हता.

तर, सगळ्यात आधी करायचं काम मी इतक्या उशिरा सांगतेय: शूटिंगच्या आधीच वाहिनीकडून तांत्रिक तक्ता लेखी मागा, आणि आकड्यापुढे 'आय' की 'पी' ते ईमेलवर घ्या. फोनवरचं बोलणं क्यूसीत चालत नाही.

मोबाइलवर शूट करणार असाल तर फ्रेमरेट हातानं २५ करा. मोबाइल बहुधा ३० वर असतो, वर तो दर सेकंदाला सारखाही राहत नाही. तीसचे पंचवीस करताना दर सहावी फ्रेम गळते आणि कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० वर काळे पट्टे सरकताना दिसतात.

ॲनिमेशनवाल्याला फ्रेमरेट पहिल्याच दिवशी सांगा. आमचे पत्ते फिरण्याचे प्रसंग त्यानं 'टूज'वर केले होते, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं. हे २४ वर करून नंतर २५ वर ताणलं तर सॉफ्टवेअर दोन फ्रेम एकमेकींत मिसळतं आणि पत्त्याला भुतासारखी दुसरी कड येते. पत्ता रंगतानाचा टाइमलॅप्स घेणार असाल तर हिशोब आधी मांडा: दर दहा सेकंदांना एक फ्रेम धरली तर तासाच्या ३६० होतात, म्हणजे पडद्यावर जेमतेम १४ सेकंद. फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक फ्रेम घेत टिपली होती. त्यांच्या चिकाटीला खरंच नमस्कार.

आवाजाचं राहिलंच. आमच्याकडे उणे २३ एलयूएफएस मागितलं होतं. एलयूएफएस म्हणजे कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप. यूट्यूबसाठी केलेलं मिक्स त्यापेक्षा बरंच मोठं असतं, ते तसंच पाठवू नका. नावांच्या पट्ट्या चारी बाजूंनी ५ टक्के आत ठेवा, आणि वाहिनीचा लोगो कुठल्या कोपऱ्यात येतो ते विचारून घ्या, नाहीतर तो नेमका तुमच्या कारागिराच्या नावावर बसतो.

आणि अक्षरांशिवायची एक प्रत, जिला टेक्स्टलेस म्हणतात, तीही काढून ठेवा. पास झाल्यावर आठवड्याभरात त्याच खात्यातून हिंदी आवृत्तीसाठी ती मागितली गेली. माझ्याकडे तयार होती. त्याच दिवशी पाठवली, उभ्या ब्लरसकट.