फ्रिज आला आणि मी चोर ठरलो

आमची ३२ बिऱ्हाडांची सोसायटी. सहा वर्षं मी खजिनदार होतो, म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मी होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एका रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : 'टाकीच्या कामात दीड लाख कुणी खाल्ले ते सगळ्यांना माहीत आहे. घरात नवीन फ्रिज उगाच येत नाही.'

नाव नव्हतं. पण त्या आठवड्यात फ्रिज आमच्याच दारात उतरला होता. हिची भिशी लागली होती, त्यातून घेतलेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या वहिनींनी हिला हसत विचारलं, "किती लिटरचा गं?" त्यानंतर पंधरा दिवस ही जिन्याने गेली नाही, लिफ्टनेच. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो.

रागाच्या भरात पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "काका, बदनामी अदखलपात्र. एनसी घेतो. पुढे कोर्टात जा." एनसीचा, म्हणजे नुसत्या अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन घरी आलो, तेव्हा जरा पोरकंच वाटलं.

मग एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी आधी मला गप्प बसवलं. ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही. नाव नसलं तरी रोख कुणाकडे आहे हे वाचणाऱ्याला कळतं ना, तेवढं पुरे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, नाहीतर समाजसेवा. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्क्रीनशॉटची नुसती प्रिंटही चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे मूळ मोबाइलबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. मी तर त्याच दिवाळीत एक्स्चेंजमध्ये मोबाइल देणार होतो.

बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला आवडलं नाही, पण पटलं. त्याच माणसाने सद्भावनेने सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार केली असती, तर ती बदनामी ठरली नसती. हिशेब विचारणं हा सभासदाचा हक्कच. त्याने विचारलं नाही, निकाल देऊन टाकला.

तेव्हा ती तक्रार मीच केली, माझ्याविरुद्ध. उपनिबंधकांना अर्ज दिला की टाकीच्या खर्चाचं चाचणी लेखापरीक्षण, म्हणजे हिशेबाची फेरतपासणी करा. कार्यालयातल्या क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. "अर्जदार आणि खजिनदार एकच?"

लेखापरीक्षकासमोर फाइल उघडली तेव्हा टाचण्यांचा गंज बोटांना लागत होता. दीड लाखाचं गौडबंगाल एवढंच होतं : पहिलं कोटेशन २,४०,००० चं, बिल ३,९०,००० चं. प्लास्टर फोडल्यावर आतल्या सळया गंजलेल्या निघाल्या, जादा काम समितीने ठराव करून मंजूर केलं. इतिवृत्तात उपस्थितांच्या सह्या होत्या. पाचवी सही त्या मेसेज टाकणाऱ्या गृहस्थांची. नंतर ते म्हणाले, "मी चहाला आलो होतो, सही मागितली म्हणून केली."

अहवाल सात महिन्यांनी आला. एक रुपयाचाही आक्षेप नाही. नोटीस बोर्डावर लावला. तीन दिवस मी येता-जाता पाहत होतो, वाचताना दिसला तो फक्त दूधवाला. मेसेजला त्या रात्री १९ अंगठे आले होते.

वकिलाची नोटीस गेल्यावर माफी आली, रात्री ११:४० ला, त्याच ग्रुपवर, दोन ओळींची. तिच्याखाली लगेच कुणाचं तरी गुलाबाचं 'शुभ रात्री'. मी दावा लावला नाही. "केस कशाला, मिटलं ना आता," असं म्हणणारे बरेच भेटले. ऑगस्टमध्ये त्यांतलं एकही दार वाजलं नव्हतं.

राजीनामा दिला. चार्ज देताना २१४ व्हाउचर एकेक मोजून दिली आणि यादीच्या प्रत्येक पानावर पोच लिहून घेतली. नवे खजिनदार वैतागले, "काका, एवढा अविश्वास?" मी म्हटलं, सही इथे, तारीखही घाला.