निळी पट्टी उजव्या हातात

तो मेल मी सकाळी सव्वानऊला पाठवला. आजही आठवला की कान तापतात. भाषा अगदी सभ्य होती, तेच तर वाईट. ‘आपल्याकडील डेटामध्ये डावे-उजवे उलटले असल्याचे दिसते. कृपया संबंधित 9 जणांच्या फायली तपासून पुन्हा पाठवाव्यात.’ सीसीमध्ये दोन्हीकडचे मिळून सातजण, त्यांतले दोन प्राध्यापक. एवढ्यांना वर्दी देण्याची काही गरज नव्हती. पण आपण बरोबर आहोत याची खात्री असली की माणसाला प्रेक्षक हवे असतात.

दोन विद्यापीठांच्या ब्रेन इमेजिंग केंद्रांनी मिळून चालवलेला तो प्रयोग. दोन्हीकडे 3 टेस्लाचा एमआरआय स्कॅनर, म्हणजे चुंबकाची ताकद पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या साधारण 60,000 पट. फक्त बनावट वेगवेगळी. एकूण 80 जणांना स्कॅन करायचं होतं, तोवर 52 झाले होते. काम सोपं. आत पडल्यापडल्या समोर चित्रं येतात. चेहरा दिसला की निळ्या पट्टीचं बटण दाबायचं, घर दिसलं की पिवळ्या पट्टीचं. दोन हातांत दोन बटण बॉक्स. निळी पट्टी उजव्या हातात, पिवळी डाव्या. आम्हाला रस होता तो चेहरे ओळखणाऱ्या भागात. हात बिचारे नुसते बटण दाबायला.

पण विश्लेषणाला बसले की मी आधी हातच बघते. एका बाजूचा मेंदू दुसऱ्या बाजूचं अंग हलवतो, हे फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी 1870 मध्ये कुत्र्यांवर दाखवून दिलं. उजव्या हाताने बटण दाबलं तर डाव्या बाजूला, हाताच्या त्या ठरलेल्या घडीपाशी, ठिपका पेटलाच पाहिजे. ही घडी स्कॅनमध्ये उलट्या ओमेगासारखी दिसते. एकदा नजरेत बसली की कुठल्याही मेंदूत सापडते. इतकी ढोबळ गोष्ट जिथे दिसत नाही, तिथे चेहऱ्यांबद्दलच्या नाजूक निष्कर्षांवर मी कशाला विश्वास ठेवू? एफएमआरआयमध्ये, म्हणजे काम करत्या मेंदूच्या या स्कॅनमध्ये, चेतापेशी थेट दिसत नाहीतच. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक. ओगावा यांनी 1990 मध्ये तो प्राण्यांमध्ये दाखवला आणि त्यावर हे सगळं शास्त्र उभं राहिलं. बटण दाबल्यावर पाचसहा सेकंदांनी सिग्नल वर चढतो, तोही जेमतेम एकदोन टक्के. एवढ्याशा गोष्टीवर आम्ही लेख लिहितो, तेव्हा हात तरी जागेवर सापडायला हवेत.

52 जणांचे नकाशे मी एकेक करून उघडले. 43 जणांचं ठीक. 9 जणांचा निळ्या बटणाचा ठिपका चक्क उजव्या बाजूला. अंधुक नव्हे, इकडेतिकडे सरकलेला नव्हे. आरशात पाहावं तसा स्वच्छ उलटा.

हे नऊजण कुठल्या केंद्रातले, ते मला माहीत नव्हतं. विश्लेषण करणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह नको म्हणून आमच्या संख्याशास्त्रज्ञ मॅडमनी सगळ्यांचे क्रमांक बदलून, मिसळून दिले होते आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. पूर्वग्रह टाळायची एवढी पक्की सोय असूनही मी तो तयार केलाच. समोरच्या केंद्रात फायली रूपांतरित करायला एक जुना प्रोग्राम वापरतात, हे मला ठाऊक होतं. आमच्या क्षेत्रात डावं-उजवं हा जुना रोग आहे. रेडिओलॉजीवाले चित्र असं दाखवतात की जणू तुम्ही रुग्णाच्या पायाशी उभे राहून बघताय. त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे. मेंदूविज्ञानवाले बरेचदा बरोबर उलट, डोक्यामागून पाहिल्यासारखं. त्यात ॲनालाइझ नावाच्या जुन्या फाइल-प्रकारात डावं कुठलं याची भरवशाची नोंदच नसायची. नंतर निफ्टी हा नवा फाइल-प्रकार आला आणि हा घोळ बराच मिटला. जुना प्रोग्राम, जुना रोग, जुळलं! मी मेल ठोकला.

वीस मिनिटांत तिकडच्या भौतिकशास्त्रज्ञाचं उत्तर आलं. दोन ओळी आणि एक चित्र. ‘आम्ही प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवतो. आत्ता सगळ्या तपासल्या, सगळ्या उजवीकडेच आहेत. मॅडमना क्रमांक उघडायला सांगता का?’ चित्रात कवटीच्या बाहेर, कातडीला लागून, एक पांढराशुभ्र लांबट ठिपका. कॅप्सूलमधल्या तेलात हायड्रोजन भरपूर, त्यामुळे ती स्कॅनमध्ये अशी लखलखते. औषधाच्या दुकानातली साधी गोळी, पण डाव्या-उजव्याच्या भांडणात तिच्याइतका नि:पक्षपाती साक्षीदार नाही.

आमच्याकडे कॅप्सूल लावायची पद्धत नव्हती. दर स्कॅनमागे दोन मिनिटं जातात म्हणून आम्हीच ती सुरुवातीला काढून टाकली होती. ‘आम्ही’ म्हणजे त्या बैठकीत सूचना कोणी मांडली होती, ते मी इथे लिहीत नाही.

मॅडमनी किल्ली उघडली. नऊच्या नऊ आमचे.

त्यानंतरचा तासभर आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. आमचे फिजिक्सचे सर डायकॉम फायलींची, म्हणजे स्कॅनरमधून निघणाऱ्या मूळ फायलींची, शीर्षकं एकेक करून वाचत होते. रुग्ण उताणा, डोकं आधी आत: सगळीकडे बरोबर. मग ग्रेडियंटची, म्हणजे सिग्नल कुठून आला ते ठरवणाऱ्या चुंबकी उताराची, दिशा मशीनमध्येच उलटली असेल का? तसं असतं तर त्या काळातले सगळेच उलटे हवेत, पण त्याच आठवड्यांतले बाकीचे सरळ होते. मी म्हटलं, फॅन्टम टाकून बघू या. फॅन्टम म्हणजे जेल भरलेला प्लास्टिकचा गोळा; रोज सकाळी त्याला स्कॅन करून मशीन ठणठणीत आहे ना ते बघतात. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “गोळ्याला डावं-उजवं असतं का?”

नसतं. माणूसच लागणार होता. प्रायश्चित्त म्हणा हवं तर, मी म्हटलं मीच झोपते.

आमचा स्कॅनर चालवतात त्या टेक्नॉलॉजिस्टना सगळे ताईच म्हणतात. इथे प्राध्यापक येतात-जातात, विद्यार्थी पदवी घेऊन पळतात, पण चुंबकाच्या खोलीत कोण शिरणार हे ताई ठरवतात. मी त्या खोलीत पाचशे वेळा तरी गेले असेन, पण माझ्या पुढ्यात त्यांनी कोरा फॉर्म ठेवला. पेसमेकर आहे का, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, शस्त्रक्रियेत क्लिप बसवली होती का. “ताई, तुम्हाला माहीत आहे.” “मला आहे, फॉर्मला नाही.” मग केसांतून हात फिरवून एक पिन काढली, जी मी सकाळपासून शोधत होते.

उजव्या कानशिलावर कॅप्सूल, वर चिकटपट्टी. कानांत बोळे. डोक्यावरून कॉइलचा, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या वेटोळ्यांचा, पिंजरा बंद झाला. ताईंनी माझ्या उजव्या मनगटाला हात लावला, “हा उजवा,” म्हणाल्या आणि निळ्या पट्टीचा बॉक्स त्यात दिला. मग टेबलाला वळसा घालून डावीकडे आल्या आणि पिवळा दिला. केबली हाताशी सैल सोडल्या. धोक्याचा रबरी फुगा पोटावर ठेवला. हे सगळं मला तेव्हा नेहमीचंच वाटलं. आत गेल्यावर ठोकाठोक सुरू झाली. चेहरा, घर, घर, चेहरा. आठ मिनिटं मी इतक्या प्रामाणिकपणे बटणं दाबली की मेंदूत दुसरं काही पेटायला जागाच राहिली नसावी.

बाहेर आले तोवर सरांनी चित्र उघडलं होतं. कॅप्सूल उजवीकडे. निळं बटण, डावी बाजू, उलट्या ओमेगाच्या बरोबर आत. मशीन निर्दोष, प्रोग्राम निर्दोष, माझा मेंदूही निर्दोष. आता संशयित उरला कोण?

ताई शांतपणे कपाटाकडे गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या. आमच्याकडे सगळ्या नोंदी संगणकावर होतात. तरी ताई एक जाड, रुळांच्या कागदाचं रजिस्टर चालवतात, आणि आम्ही तरुण मंडळी त्याची थट्टा करतो. तारीख, वेळ, सहभागी व्यक्तीचा क्रमांक, कोणती कॉइल, आणि शेवटच्या रकान्यात ‘आत कोण’, म्हणजे सहभागी व्यक्तीला टेबलावर कोणी झोपवलं. त्यांनी नऊ क्रमांक एकेक करून शोधले. बोट ओळीवरून सरकत शेवटच्या रकान्यावर थांबायचं. सगळे संध्याकाळी सातनंतरचे. दिवसा स्कॅनरची वेळ मिळत नाही, म्हणून आम्ही रात्रीच्या वेळा घेत होतो, आणि तेव्हा ताई कंट्रोल रूममध्ये कन्सोलवर असत, आत दुसरं कोणीतरी. नऊही ओळींत तेच एक अक्षर. माझ्या नावाचं.

“तू बॉक्स कसे देतेस? मला देऊन दाखव,” ताई म्हणाल्या आणि स्वतः टेबलावर आडव्या झाल्या.

आमच्याकडे बटणांच्या केबली टेबलाच्या पायाकडून येतात. मी नेहमीप्रमाणे पायाशी उभी राहिले, दोन्ही बॉक्स उचलले आणि वाकून दोन्ही हातांत एकदमच ठेवले. निळा उजवीकडे, पिवळा डावीकडे. ताईंनी निळा बॉक्स धरलेला हात सरळ वर केला.

“हा माझा कुठला?”

डावा होता. माझ्या उजवीकडे त्यांचा डावा. रेडिओलॉजीवाले पायाशी उभे राहून बघतात, हे ज्ञान मी त्याच सकाळी एका अख्ख्या केंद्राला पाजलं होतं. आणि पायाशी उभी राहून नऊ माणसांना चुकीच्या हातांत बटणं मीच दिली होती.

हे आधी लक्षात कसं आलं नाही, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. कारण उत्तरं सगळी बरोबर येत होती. आम्ही लोकांना हात सांगत नव्हतो, रंग सांगत होतो. बाहेर सरावाच्या वेळी ते पट्टीचा रंग पाठ करायचे, आत गेल्यावर कुठला बॉक्स कुठल्या हातात आहे हे एकदा दाबून बघायचे आणि चेहऱ्याला निळं दाबत राहायचे. संगणकाला निळं म्हणजे बरोबर. अचूकता 95 टक्क्यांच्या वर. त्या नऊजणांचं काम चोख होतं. चुकीची होती ती फक्त आमच्या तक्त्यातली ‘उजवा हात’ ही नोंद.

माफीचा मेल लिहायला मला सकाळच्या मेलच्या चौपट वेळ लागला. सीसीमध्ये तेच सातजण. एकही वगळायचा नाही, हे मी स्वतःला बजावलं. कॅप्सूलवाल्या भौतिकशास्त्रज्ञाने मेलला उत्तर न देता फोनच केला. मी बोलायला सुरुवात केली तर तो हसायला लागला. म्हणाला, कॅप्सूल लावायला आम्ही हौसेने सुरुवात केलेली नाही; फार वर्षांपूर्वी एका अख्ख्या गटाचा मेंदू आम्ही उलटा छापायला निघालो होतो. हे त्याने आधीच सांगितलं असतं तर मी कॅप्सूल काढायची सूचना केली असती का? केली असती बहुतेक. मला तेव्हा दोन मिनिटं फार महत्त्वाची वाटत होती.

खरी चर्चा दुपारी झाली, दोन्ही केंद्रं पडद्यावर समोरासमोर. आमच्या प्राध्यापकांचं म्हणणं, नऊजण वगळा, विषय संपवा. संख्याशास्त्रज्ञ मॅडम गप्प बसून काहीतरी लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “वगळायचं कशाला? मला तर उरलेले 43 खटकतायत.”

शांतता.

“प्रत्येकाला चेहऱ्यासाठी उजवा हात आणि घरासाठी डावा. मग चेहऱ्याच्या वेळच्या सिग्नलमधून घराच्या वेळचा वजा केला की त्यात उजवा वजा डावा हातही मिसळलेला येणार. निम्म्यांना उलटे बॉक्स मुळातच द्यायला हवे होते. या नऊजणांमुळे निदान दोन गोष्टी वेगळ्या करता येतील.”

दोन प्राध्यापक, दोन भौतिकशास्त्रज्ञ आणि मी. प्रयोगाचा आराखडा सगळ्यांनी वाचला होता, सह्या केल्या होत्या. मी हातांकडे फक्त तपासणी म्हणून बघत राहिले, बाकीचे चेहऱ्यांकडे. कॅप्सूलवाल्याने लगेच हिशेब मांडला: राहिलेल्या 28 जणांना सगळ्यांनाच उलटं दिलं तर 43 विरुद्ध 37. आमचे सर म्हणाले, नाही, मग आधीचे सगळे सरळ आणि नंतरचे उलटे होतील. मधल्या काळात मशीनमध्ये काही बदललं तर तो फरक हातांच्या माथी बसेल. अर्धा तास वाद झाला, आणि खरं सांगायचं तर सहा महिन्यांतली ती सगळ्यात चांगली बैठक होती. शेवटी ठरलं की बहुतेकांना उलटं, काहींना सरळ, आणि कोणाला काय ते मॅडमच्या यादीप्रमाणे. कॅप्सूल सगळ्यांना. त्या नऊजणांच्या नोंदीतला हात दुरुस्त करायचा, आणि तो का दुरुस्त केला हे लेखात स्पष्ट लिहायचं. ते वाक्य मीच लिहिलं. कर्मणी प्रयोगात लिहिलं होतं. मॅडमनी कर्तरी करून परत पाठवलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळचा पुढचा स्कॅन होता. यादीत ‘निळा: डावा हात’. मी पायाशी गेले नाही. बाजूला, खांद्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, “जरा डावा हात वर करता का?”

त्या मुलाने उजवा वर केला. मग थबकून, कॉइलच्या पिंजऱ्यातूनच हसत, दुसरा.

काचेपलीकडे ताईंनी पेन उचललं होतं. मी त्याच्या डाव्या मनगटाला हात लावून निळा बॉक्स दिला, बाहेर आले, आणि शेवटच्या रकान्यात माझ्या अक्षरापुढे स्वतःच लिहिलं: निळा डाव्या हातात. हात लावून पाहिला.